हिशेबापलीकडचा देव : पंडिता रमाबाईंचं दुःख आणि त्यांचा विसावा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या व्याख्यानमालेसाठी इथे जमतो, त्यांना मंडळीतली माणसं सुखाच्या प्रसंगी बोलावत असत, पण त्यांची खरी आठवण काढत ती घरात कुणी गेलं की. त्यामुळे ‘दुःखकाळात देवाच्या सार्वभौमत्वाचा आधार’ हा विषय यंदा सुचवला गेला याचं मला समाधान वाटलं. भीतीही वाटली, कारण हा विषय बोलायला फार सोपा आहे. जे झालं ते देवाच्या इच्छेने झालं, एवढं म्हटलं की बोलणारा मोकळा होतो. ज्याचं माणूस गेलं तो मात्र तिथेच बसलेला असतो. म्हणून आज सिद्धान्त थोडा बाजूला ठेवतो आणि ज्या बाईने तो भुकेल्या पोटी पारखून घेतला तिच्याविषयी बोलतो. पंडिता रमाबाईंविषयी.

त्यांचा जन्म 1858चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवण्याचं धाडस त्यांनी केलं आणि त्यापायी पंडितांचा रोष ओढवून घेतला. रमाबाई तान्ह्या असतानाच हे कुटुंब घरदार सोडून तीर्थयात्रेला निघालं, आणि यात्रा हेच मग त्यांचं घर झालं. देवळात बसून पुराण सांगायचं, श्रोते देतील त्या धान्यावर आणि दक्षिणेवर राहायचं, उरेल ते दानधर्मात घालायचं, आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरायची. मुलांना संस्कृत आलं, पुराणं मुखोद्गत झाली. पोटापाण्याचा दुसरा कुठलाच उद्योग कुणाला आला नाही.

मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. रमाबाईंनी पुढे या दिवसांविषयी स्वतः लिहून ठेवलं आहे, आणि त्यात दुष्काळाइतकंच लक्ष वेधून घेतं ते कुटुंबाचं वागणं. धान्य संपत आलं तेव्हा त्यांनी अनुष्ठानं वाढवली. गाठीचा पैसा ब्राह्मणभोजनात आणि देवाला प्रसन्न करण्यात गेला. दागिने, चांगली वस्त्रं, तांब्यापितळेची भांडी, एकेक करून सगळं विकलं गेलं. शास्त्रात सांगितलेली प्रत्येक गोष्ट पाळली. शेवटी मूठभर तांदूळही उरले नाहीत, तेव्हा चौघापाच जणांनी तिरुपतीजवळच्या रानात जाऊन मरायचं ठरवलं. अकरा दिवस ती माणसं रानात पाण्यावर, पाल्यावर आणि सापडतील त्या रानफळांवर राहिली. वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं होतं. तेव्हा मुलगा श्रीनिवास म्हणाला की मी मोलमजुरी करीन. शास्त्र्याच्या घरातल्या मुलाने ओझी वाहायची, ही गोष्ट त्या घरात मरणाहून अवघड होती. तरी ती बोलली गेली आणि माणसं रानातून बाहेर आली.

वडील त्यानंतर फार जगले नाहीत. दृष्टी जवळजवळ गेलेली होती. मरणाआधी त्यांनी धाकट्या मुलीला जवळ घेतलं आणि सांगितलं की मी तुला देवाच्या हाती सोपवलं आहे, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. हे वाक्य त्यांनी पुढची तेहतीस वर्षं मनात बाळगलं आणि 1907 साली आपल्या साक्षीत लिहून काढलं. मी ती जागा वाचतो तेव्हा थांबतो. ज्या माणसापाशी मुलीला द्यायला पोटभर अन्न नव्हतं, हुंडा नव्हता, छप्पर नव्हतं, त्याने तिला एकच गोष्ट दिली. मुलगी पुढे ख्रिस्ती झाली, बापाच्या देवांविषयी तिने कठोर लिहिलं. पण बापाचं हे सोपवणं तिने कधी टाकलं नाही. ख्रिस्ती श्रोत्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. देवाच्या सत्तेवर भरवसा ठेवण्याचा पहिला धडा रमाबाईंना मिशनऱ्यांनी दिलेला नाही. तो एका उपाशी पुराणिकाने दिला.

काही महिन्यांत आई गेली. आई तापात खायला मागत होती. रमाबाई शेजारी भाकरीचा तुकडा मागायला गेल्या, तर तोंडातून शब्द फुटेना, डोळ्यांतून पाणी तेवढं आलं. भाकरी मिळाली, आईच्या घशाखाली ती उतरली नाही. खांदा द्यायला पुरेसे ब्राह्मण मिळेनात. शेवटी दोघे तयार झाले, तिसरा श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई. त्या बुटक्या होत्या, म्हणून ताटीची बाजू त्यांनी खांद्याऐवजी डोक्यावर घेतली, आणि मैल दीड मैल नव्हे, चांगलं लांबचं स्मशान गाठलं. मग थोरली बहीणही गेली.

बहीणभाऊ दोघंच उरली. ती चालत राहिली, दक्षिणेपासून थेट उत्तरेपर्यंत. झेलम नदीच्या काठी थंडीत अंगावर घालायला काही नव्हतं, तेव्हा वाळूत खड्डे करून, त्यात उतरून, मानेपर्यंत वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. या वाटचालीतच त्यांची देवांवरची श्रद्धा उडाली. त्याचं कारण रमाबाईंनी अगदी सरळ सांगितलं आहे: शास्त्राने घातलेली एकेक अट आम्ही पाळली, आणि देवांनी त्यांच्या बाजूची एकही पाळली नाही.

मला आज जे सांगायचं आहे त्याचा उगम या ठिकाणी आहे. दुष्काळात रमाबाईंचं जे कोसळलं तो एका ठरावीक पद्धतीचा देव होता, व्यवहारातला देव. इतक्या प्रदक्षिणा, इतकं दान, इतके उपास, आणि बदल्यात इतकं संरक्षण. हा देव केवळ हिंदू घरात असतो असं कुणी समजू नये. मी कित्येक ख्रिस्ती घरांत त्याला भेटलो आहे. दशमांश दिला, उपासना चुकवली नाही, मग मुलाला कॅन्सर कसा झाला? हा प्रश्न मनापासून विचारलेला असतो, त्यातला टाहो खरा असतो. पण प्रश्नामागचा देव हिशेब ठेवणारा आहे, आणि हिशेब ठेवणाऱ्याची सत्ता खरं तर आपल्याच हातात असते. आपण अटी पाळल्या की तो बांधला जातो. असा देव दुःखात आधार देऊ शकत नाही, कारण दुःख आलं याचा अर्थच एक तर त्याने करार मोडला किंवा आपण. मग माणूस एक तर देवाला सोडतो, नाही तर स्वतःला खात बसतो.

ईयोबाच्या ग्रंथात नेमका हाच वाद आहे. मुलंबाळं, गुरंढोरं, देह, सगळं गेलेला माणूस राखेत बसला आहे आणि त्याचे मित्र समजूत घालायला आले आहेत. सात दिवस सात रात्री ते गप्प बसले, आणि माझ्या मते त्यांनी केलेलं ते एकमेव चांगलं काम. तोंड उघडल्यावर मात्र ते हिशेब मांडू लागले: तुझं काही तरी चुकलं असणार. ईयोब चिडतो, ओरडतो, देवाला कोर्टात खेचायची भाषा करतो. अडतिसाव्या अध्यायात परमेश्वर वावटळीतून बोलू लागतो तेव्हा वाटतं की आता उत्तर मिळेल. उत्तर मिळत नाही. पृथ्वीचा पाया, समुद्राचे दरवाजे, रानगाढव, शहामृग, गरुड यांच्याविषयी प्रश्नांवर प्रश्न येतात. आणि शेवटी, बेचाळिसाव्या अध्यायात, देवाचा राग भडकतो तो देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या मित्रांवर. ओरडणारा ईयोब मात्र देवाविषयी नीट बोलला असं देवच म्हणतो. ज्यांना देवाच्या सत्तेवर व्याख्यानं द्यायची असतात, त्यांनी हा शेवट पुन्हा पुन्हा वाचावा. मीही तो इथे येण्याआधी पुन्हा वाचला.

रमाबाईंची दुःखं दुष्काळाबरोबर संपली नाहीत. 1878 साली त्या कलकत्त्याला पोहोचल्या; तिथल्या पंडितांनी त्यांची विद्वत्ता पाहून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. 1880 साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं, जात ओलांडून. 1881च्या एप्रिलमध्ये मुलगी मनोरमा जन्मली आणि 1882च्या फेब्रुवारीत बिपिनबाबू पटकीने गेले. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर दहा महिन्यांचं मूल, माहेरचं कुणी नाही, सासरचा आधार नाही. अशा बाईला त्या काळी सगळीकडून एकच समजूत मिळे: कपाळाचे भोग आहेत, निमूट भोग.

देवाच्या सत्तेच्या नावाने माणसं एकमेकांवर जो जुलूम करतात त्याचं याहून ढळढळीत उदाहरण मला माहीत नाही. कोवळ्या मुलीचं लग्न माणसांनी लावलं, तिचं डोकं माणसांनी भादरलं, तिला एकवेळचं अन्न आणि अंधारी खोली माणसांनी दिली, आणि जबाबदारी मात्र देवाच्या माथी मारली. आपल्याकडे संकटं अस्मानी असतात आणि सुलतानी असतात. हा भेद आपल्या पूर्वजांना पक्का ठाऊक होता. सुलतानीला अस्मानी म्हणणं हा देवाचा गौरव नव्हे, तो त्याच्यावर खोटा आळ घेणं आहे.

रमाबाई हे कधीच मान्य करणार नव्हत्या, आणि ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी मान्य केलं नाही. 1883 साली त्या वैद्यकी शिकायच्या हेतूने इंग्लंडला गेल्या. बहिरेपणामुळे तो बेत सोडावा लागला. बरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी वॉन्टेज इथे स्वतःचा जीव घेतला. त्या परक्या देशात तेवढीच एक आपली बाई होती. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला रमाबाईंनी आणि छोट्या मनोरमेने तिथे बाप्तिस्मा घेतला. आणि लगोलग चर्चच्या अधिकाऱ्यांशी त्यांचा वाद सुरू झाला. त्रैक्याचा सिद्धान्त मला पटवून द्या, चर्च म्हणतं म्हणून मी मानणार नाही, असं त्या चर्चच्या जोगिणींना आणि बिशपांना पत्रांतून ठणकावत राहिल्या. भटजींच्या जोखडातून सुटून आले ती दुसऱ्या पुरोहितांचं जोखड घ्यायला नव्हे, हा त्या पत्रांचा सूर. काही ख्रिस्ती चरित्रकारांना हा हट्टीपणा वाटला आहे. मला त्यात त्यांच्या श्रद्धेचा कणा दिसतो. सर्व सत्ता देवाची आहे असं जो म्हणतो, त्याने दुसऱ्या कुणाचीही सत्ता अंतिम मानायचं नाकारलेलं असतं, मग तो पुरोहित असो, नवरा असो, बिशप असो, सरकार असो किंवा दुष्काळ असो.

तरीही विसावा मिळायला आणखी काही वर्षं गेली. मायदेशी परतल्यावर 1889 साली मुंबईत त्यांचं विधवांसाठीचं शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. काम चालू होतं, नाव झालं होतं, आणि रमाबाई आतून अस्वस्थ होत्या. त्यांनीच लिहिलं आहे की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. 1891च्या सुमारास एका इंग्रज पाळकाचं आत्मकथन वाचताना त्यांच्या ध्यानात आलं की आपण अजूनही काही तरी भरून देव मिळवू पाहतो आहोत: अभ्यास, सेवा, नीट तपासलेली मतं. तिरुपतीच्या रानातला व्यवहार नाव बदलून चालूच होता. ज्या दिवशी त्यांनी तो सोडला आणि आपण जशा आहोत तशा स्वीकारल्या गेलो आहोत यावर विसंबल्या, त्या दिवसाला त्या आपल्या आयुष्याचं वळण मानतात. यात कुठल्या दुःखाचा खुलासा झाला नाही. आई का गेली, बिपिनबाबू का गेले, हे त्यांना कळलं नाही. त्यांचा देव तेवढा हिशेबातून बाहेर आला.

तो बाहेर आल्यामुळे काय झालं ते पुढच्या दहा वर्षांत दिसतं. 1893 साली धर्मांतराच्या प्रश्नावरून शारदा सदनावर वादळ उठलं. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. तीन वर्षांनी मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची बातमी आली. रमाबाई उठून तिकडे गेल्या. स्वतः उपाशी राहिलेल्या बाईला अन्नछत्रांच्या आवारात काय चालतं ते पाहताक्षणी कळलं: मुली अन्नाच्या आशेने येतात आणि दलालांच्या हाती सापडतात. त्यांनी सुमारे 300 बायका-मुली पुण्याकडे आणल्या. पुण्यात प्लेग, अधिकाऱ्यांनी एवढ्या जणींना ठेवायला मनाई केली. मग केडगावला फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर झोपड्या आणि तंबू उभे राहिले. मुक्ती सदन असं सुरू झालं. ना इमारत होती, ना पुरेसा पैसा, ना कुणी आधी आखलेला बेत.

प्लेगच्याच वर्षी, 1897 साली, प्लेगच्या सरकारी इस्पितळात बायकांची होणारी हेळसांड रमाबाईंनी मुंबईच्या एका ख्रिस्ती वृत्तपत्रात जाहीरपणे मांडली. सरकार चिडलं, गव्हर्नरांनी आरोप फेटाळले. रमाबाई ख्रिस्ती होत्या, सरकार ख्रिस्ती म्हणवणारं होतं, गप्प बसण्याची सोय होती. त्या गप्प बसल्या नाहीत. देवावर हवाला ठेवणं म्हणजे हात जोडून बसणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वर्ष नीट पाहावं. ज्या बाईला आपला योगक्षेम कुणाच्या हाती आहे हे ठरवून टाकता आलं, तिला गव्हर्नरची मर्जी राखायची गरज उरली नाही.

इथे मला देहूची आठवण होते. 1630च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा गेला, आणि परंपरा सांगते की त्यांनी घरच्या सावकारीतल्या कर्जखतांतला आपला वाटा इंद्रायणीत बुडवला. रमाबाई आणि तुकोबा यांच्या श्रद्धा निराळ्या, मी त्या एका दोरीने बांधणार नाही. पण दुष्काळातून निघालेल्या या दोघांनी दुसऱ्याच्या गळ्यातला फास सोडवला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

आता जिथे मला स्वतःला अडखळायला होतं तिथे येतो. शतक पालटताना, गुजरातच्या दुष्काळानंतर, मुक्तीत राहणाऱ्यांची संख्या 2000च्या घरात गेली. आणलेल्या सगळ्याच जगल्या नाहीत. भुकेने इतक्या खंगलेल्या मुली यायच्या की अन्न समोर आल्यावर ते पचवायची ताकद त्यांच्यात नसे. ज्या वाचल्या त्यांच्याविषयी ‘देवाने वाचवलं’ असं म्हणायचं, तर ज्या गेल्या त्यांचं काय? या प्रश्नाला तर्काने उत्तर देणारी पुस्तकं मी वाचली आहेत आणि त्यांतलं एकही मी मेलेल्या मुलीच्या आईसमोर उघडणार नाही. माझ्या श्रद्धेला जेवढं सांगता येतं तेवढं सांगतो. ज्या देवाच्या सत्तेवर मी विसंबतो, तो वधस्तंभावर टांगला गेलेला देव आहे. त्याने स्वतःच्या मुलाला दुःखातून सूट दिली नाही, आणि त्या मुलाने मरताना ‘का’ असा टाहो फोडला, त्याला शास्त्रात जागा आहे. स्तोत्रसंहितेतलं 88वं स्तोत्र अंधारात संपतं. शेवटी कुठलीही समजूत नाही, कुठलाही उजेड नाही, आणि तरी ते प्रार्थनेच्या ग्रंथात आहे. कुणी तरी ते काढून टाकू शकलं असतं. काढलं नाही. ज्याच्यापाशी सर्व सत्ता आहे त्याच्यापाशीच रडता येतं, आणि ज्याच्यापाशी काहीच सत्ता नाही त्याच्याकडे तक्रार कोण घेऊन जाईल?

म्हणून आपल्या मंडळीत जे लोक शोकाच्या घरी जातात त्यांना एक विनंती आहे. देवाची इच्छा होती, हे वाक्य तुमच्या तोंडून जाऊ देऊ नका. ते वाक्य खरं असलं तरी ते ज्याचं दुःख आहे त्याने उच्चारायचं आहे, त्याच्या वेळेला, आणि कदाचित कधीच नाही. तुम्ही चहा करा, दवाखान्याची बिलं भरायला रांगेत उभे राहा, कागदपत्रांसाठी तहसील कचेरीत हेलपाटे घाला. सुलतानी असेल तिथे सुलतानाला जाब विचारा.

रमाबाईंना शेवटची परीक्षा 1921 साली आली. मनोरमा गेली. चाळिशीतली, परदेशात शिकून आलेली, आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवणारी, आईनंतर मुक्तीचा भार घेईल अशी सगळ्यांची खात्री असलेली एकुलती एक मुलगी. आईबाप, बहीण, भाऊ, नवरा, आणि आता हे. रमाबाई तेव्हा 63 वर्षांच्या होत्या, ऐकू जवळजवळ येत नव्हतं. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र आणण्याचं काम त्यांनी जवळजवळ दीड दशकापूर्वी हाती घेतलं होतं. त्यासाठी त्या भाषा प्रौढ वयात शिकल्या होत्या. ते काम अपुरं होतं. त्यांनी मुक्तीची सूत्रं लिलियन डोअरिंग या सहकारिणीच्या हाती दिली आणि स्वतः मुद्रितांकडे वळल्या. मुलीच्या मागे त्या नऊ महिनेही जगल्या नाहीत. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या तेव्हा मुद्रितं तपासून झालेली होती. ग्रंथ 1924 साली बाहेर पडला, केडगावच्या मुक्तीच्याच छापखान्यातून, तिथल्याच बायकांनी खिळे जुळवून छापलेला.